लाकडी जिन्याखाली ई-स्कूटरचं चार्जिंग: आग लागली तर ती वर कशी येईल? (इंदूर)

माडीवरची:
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मल्हारगंजात आमचा जुना वाडा आहे. खाली दगड-विटांच्या जाड भिंती, वरची माडी मात्र सगळी सागवानी: खांब, तुळया, तक्तपोशी. खाली भाडेकरूंची दुकानं, वर आम्ही, मोठे काका-काकू आणि आजी. वर यायला एकच जिना. तोही लाकडी, अरुंद, चांगलाच उभा, दोन्ही बाजूंना भिंती. जिन्याखाली दुकानदाराचे पुठ्ठ्याचे खोके रचलेले असतात आणि आता तिथेच चुलतभावाची ई-स्कूटर रात्रभर चार्जिंगला लागते.

काकांचं म्हणणं, जाड सागवान असं भडाभडा पेटत नाही, आणि एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवलाय ना, मग झालं. त्यांना नुसतं "धोका आहे" म्हणून पटणार नाही, कारण सांगावं लागेल. मे २०२२ मध्ये इथल्याच स्वर्णबाग कॉलनीत तळमजल्यावरच्या स्कूटरपासून आग वर गेली आणि ७ माणसं गेली. ती आग कोणीतरी लावलेली होती हे खरं, पण लावलेली असो की लागलेली, तिचा वर जायचा रस्ता तोच ना?

मी वाचलं की छताखालचा धूर साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोचला की खोलीतलं सगळं जवळजवळ एकदमच पेटतं, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. पण जिना म्हणजे काही बंद खोली नाही. मग तिथे काय होईल? जिन्याला दार बसवून उपयोग होईल का? फुगणारा अग्निरोधक रंग लावावा का? आजींना गुडघ्यांमुळे पटकन उतरता येत नाही, म्हणून झोप लागत नाही हो.

निवृत्त फायरमन, बडोदा:
ताई, काकांचं अर्धं बरोबर आहे. जाड लाकूड जळताना वर कोळशाचा थर धरतं आणि तो थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. जळण्याचा वेग मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर धरतात. म्हणजे आठ इंची तुळईचा गाभा अर्ध्या तासानंतरही बराच शाबूत असतो. पण जिन्याची फळी किती जाड? इंचभर. आणि ती खालून-वरून दोन्हीकडून जळते.

आता तुमचा खरा प्रश्न. आग खाली सरकते त्यापेक्षा वर कितीतरी झपाट्याने चढते, कारण ज्वाळा आणि गरम वायू पुढचं लाकूड आधीच तापवून ठेवतात. उतरत्या जागेला दोन्ही बाजूंनी भिंती असतील तर बाजूची हवा आत येऊ शकत नाही, ज्वाळा उभी न राहता पायऱ्यांवर आडवी होते आणि त्यांना चिकटून वर धावते. १८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात हेच झालं. लाकडी सरकत्या जिन्याखालचा कचरा पेटला, सुरुवातीला आग किरकोळ वाटली, आणि मग एकाएकी ती वरच्या तिकीट हॉलमध्ये घुसली. ३१ जण गेले. तो जिना ३० अंशांचा होता. ज्वाळा अशी आडवी होते हे तोवर नीट कळलेलं नव्हतं, चौकशीत संगणकावर आग उभी करून पाहिली तेव्हा लक्षात आलं. तुमचा जिना त्याहून उभा दिसतोय, हे काकांना जरूर सांगा.

आणि माणसं तुळई कोसळण्याआधी धुराने जातात. जिन्याची पोकळी धुराड्याचं काम करते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, त्यामुळे झोपेत तो कळतही नाही. पायऱ्या पेटायच्या कितीतरी आधी तो जिना उतरण्यालायक राहणार नाही.

वायरिंगवाला:
एमसीबीबद्दल लिहितो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. एमसीबी जास्तीचा करंट आणि शॉर्ट सर्किट पकडतो. प्लग सैल असेल, जोड ढिला असेल, तर करंट नेहमीइतकाच वाहतो पण त्या सांध्यावर उष्णता साठत जाते. एमसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. आणि लिथियम बॅटरीचा एक सेल आतून बिघडून तापू लागला की शेजारचे सेल त्यापाठोपाठ जातात. वीज बंद केली तरी ते थांबत नाही.

माडीवरची:
मनापासून आभार. म्हणजे आधी खालचं जळण हलवायचं, हे कळलं. दार आणि रंगाचं काय?

निवृत्त फायरमन, बडोदा:
रंगाने लाकडाला थोडी मिनिटं मिळतात, स्कूटरचा आणि खोक्यांचा धूर तो अडवत नाही. पैसे आधी दारावर घाला. जिन्याच्या माथ्यावर भरीव लाकडाचं, आपोआप मिटणारं, फटी नसलेलं दार हवं. फक्त त्याला रात्री कुलूप नको. एक धूर-अलार्म जिन्याखाली आणि एक वर. दोन्ही जोडलेले मिळतात, खालचा वाजला की वरचाही वाजतो. आजींच्या खोलीत तो ऐकू येतो का, ते दार लावून तपासा.

मागच्या बाजूने शेजारच्या गच्चीवर जाता येतं का? खिडकीला गज असतील तर एक जाळी आतून किल्लीशिवाय उघडेल अशी करून घ्या. जिन्यात धूर दिसला तर कोणीही खाली धावायचं नाही. दार मिटा, फटीत ओला कपडा कोंबा, आजींना मागच्या खोलीत न्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

माडीवरची:
मागे गॅलरी आहे, गच्ची तिला लागूनच आहे, शेजाऱ्यांशी बोलते. स्कूटर मधल्या चौकात लावली तर चालेल? वर आभाळ उघडं आहे, पण भोवती लाकडी खांब आहेत.

वायरिंगवाला:
जिन्याखालपेक्षा कितीतरी बरं. फरशीवर, खांबांपासून जमेल तितकी लांब, कंपनीचाच चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड न वापरता स्वतंत्र पॉइंटवरून. पावसापासून आडोसा लागेल, तो पत्र्याचा करा, ताडपत्रीचा नको. आणि चार्जिंग रात्री नाही, संध्याकाळी सगळे जागे असताना.