आपल्या पापाची शिक्षा दुसऱ्याने सोसली तर ते फिटतं का?

गुरुवारपेठकर: गुड फ्रायडेला शेजाऱ्यांसोबत पुण्यातल्या पंचहौदच्या चर्चमध्ये उपासनेला गेलो होतो. उपदेशाचा गाभा असा, की आपल्या पापांची शिक्षा येशूने वधस्तंभावर सोसली म्हणून आपलं तारण झालं. कोणाची श्रद्धा दुखवायची नाही, पण मला हे पटत नाही. गुन्हा माझा आणि फाशी निर्दोष माणसाला, हा न्याय कसा? याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, आलं, तेव्हाही प्रायश्चित्त ज्याचं त्यालाच घ्यावं लागलं. बायबलच्या जुन्या करारात यहेज्केल संदेष्टाही तेच सांगतो: बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, जो पाप करील तोच मरेल.

कॅम्पकर: मी जन्माने ख्रिस्ती. तुम्ही ऐकलंत ते कोर्टाचं चित्र ठसठशीत झालं सोळाव्या शतकात, कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या हातून. तो कायदा शिकलेला माणूस. त्याआधी अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाचा आणि ऋणाचा विचार मांडला होता. आबेलार्ड या दुसऱ्या धर्मपंडिताचा भर वेगळाच: वधस्तंभावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं. आणि मुख्य म्हणजे आमच्या श्रद्धेत सोसणारा कोणी तिऱ्हाईत नाहीच. ज्याचा अपराध झाला तो देवच ख्रिस्तामध्ये स्वतः ते सोसतो. एका निर्दोषाला धरून आणला, असं ते नाही.

पिंपरीकर: मीही चर्चच्या मंडळीतलाच, पण माझी तक्रार निराळी आहे. आमच्या नात्यातल्या एकाने धाकट्या भावाची दीड एकर जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली. पुढे मंडळीपुढे उभं राहून रडत साक्ष दिली, प्रभूने माझं पाप धुतलं. लोक आमेन म्हणाले. भाऊ मागच्या बाकावर बसलेला. सातबारा आजही तसाच आहे. क्षमा अशी परस्पर होत असेल तर ज्याचं गेलं त्याने कुठे जायचं?

कॅम्पकर: त्याने वधस्तंभाची ढाल केली, आणि हे पाळकांनी तिथेच सांगायला हवं होतं. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय बघा. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हणतो, आणि मग येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं. पश्चात्ताप खरा असेल तर तो माणूस आधी तलाठ्याकडे जाईल.

गुरुवारपेठकर: म्हणजे जक्कयाचं तारण वधस्तंभाआधीच झालं! परतफेडीने भागत असेल तर पुढचं मरण कशासाठी?

कॅम्पकर: कारण सगळंच परत करता येत नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने कोणाचं पोर मारलं, तर तो चौपट काय देणार? तुरुंग भोगून आला तरी ते ऋण उरतंच. जे माणसाला जन्मात फेडता येणार नाही, त्याची किंमत देवाने स्वतः भरली, असं मी मनापासून मानते. नाहीतर अशा माणसाला पुढे जगायला काही आधारच उरत नाही.

पिंपरीकर: आधार त्याला मिळाला, ताई. त्या पोराच्या आईचं काय? तिला न विचारता क्षमा पक्की झाली, हे मी मानणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच सांगतो की वेदीपाशी दान तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आमच्या मंडळीत आधी तो सातबारा दुरुस्त होऊ दे, मग साक्ष ऐकू.