'व्हर्च्युअल नर्स'ला मराठीत काय म्हणावं?

खारीबटर: सासरे इथे न्यू जर्सीत न्यूमोनियाने अ‍ॅडमिट आहेत, इंग्रजी जेमतेम. इथे एक नर्स दुसरीकडे बसून खोलीतल्या टीव्हीवरून पेशंटशी बोलते, तीच व्हर्च्युअल नर्स. मी चिठ्ठी लिहून ठेवली, "समोरच्या टीव्हीवर आभासी परिचारिका येईल, घाबरू नका." तर मलाच विचारतात, मला भास व्हायला लागलेत का गं? टिंग वाजतं, भिंतीवरचा कॅमेरा वळतो, की हे पांघरूण गळ्यापर्यंत. दुसरा शब्द सुचवा.

गोटीसोडा: आभासीच बरोबर. शाळेत आरशातली प्रतिमा आभासीच शिकलो की.

तिरकसराव: आणि आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही हेही शिकलो. ही बाई तर पडद्याशिवाय कुठेच नाही!! दूरस्थ म्हणा.

गोटीसोडा: दूरस्थ म्हटलं की मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आठवतो.

रात्रपाळी: मी ओहायोत बेडसाइडला नर्स आहे, म्हणजे पेशंटजवळ, १२ तासांची शिफ्ट. आमची व्हर्च्युअल नर्स खरीखुरी रजिस्टर्ड नर्स असते हो, अ‍ॅडमिशनची हिस्ट्री, घरच्या गोळ्यांची यादी, डिस्चार्जच्या वेळचं समजावणं सगळं तीच करते, इन्शुलिनचा डोस बरोबर आहे ना हे दुसरी नर्स म्हणून कॅमेऱ्यातून बघते, फक्त हात लावू शकत नाही. आभासी म्हटलं की राग येतो. पेशंट पडू नये म्हणून नुसतं लक्ष ठेवणारे असतात ते वेगळे.

तिरकसराव: मग परिचारिकाही चुकीचंच. परि + चर्, भोवती वावरणारी. ही कुठे वावरते? त्यापेक्षा शुश्रुषा घ्या, श्रु म्हणजे ऐकणे, ऐकायची इच्छा ती शुश्रुषा. तिचं कामच ते.

शुद्धलेखक: शुश्रूषा. श्रू दीर्घ. निदान व्युत्पत्ती सांगताना तरी.

तिरकसराव: ऱ्हस्व लिहिल्याने पेशंट दगावत नाही.

गोटीसोडा: आमच्या मिरजेत परिचारिका फक्त भरतीच्या जाहिरातीत. वॉर्डात सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा. पुरुष नर्सला परिचारक म्हणून हाक मारलेली कुणी ऐकलीय का?

शुद्धलेखक: सिस्टर हा मुळात ननचा शब्द.

रात्रपाळी: असू दे, त्या हाकेला मी झोपेतूनही उठते.

खारीबटर: चिठ्ठी काढून टाकली. आता "टीव्हीतल्या सिस्टर" म्हणतात, काल चहा घेणार का विचारलं तिला.

शुद्धलेखक: "तिला" की "त्यांना"? वर सासरे आदरार्थी बोलतायत.