मदत हवी आहे: पाण्यावरचं चित्रांचं पुस्तक, तातडीनं

नवखी_आई: बेळगावात पाणी, बर्फ, वाफ असल्या विषयावरचं लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक कुठं मिळेल? खडेबाजार पालथा घातला, नुसती गाईडं आणि तक्ते. सोमवारच्या आत पाहिजे.

टिळकवाडीकर: मूल केवढं? मराठी पाहिजे की कन्नड?

खानापूरकर: पुस्तक कशाला ओ? ताटलीत बर्फाचा खडा ठेवा, बघत बसू दे.

नवखी_आई: ते सगळं करून झालंय. पुस्तक सांगा.

टिळकवाडीकर: वय??

नवखी_आई: पहिलीत आहे. शाळा कन्नड, घरी मराठी.

निपाणीचे_मास्तर: मग स्टोरीवीव्हर ही वेबसाईट बघा, प्रथम बुक्स प्रकाशनाची. 2015 पासून आहे, फुकट. बरीच पुस्तकं मराठीत आणि कन्नडातही आहेत, दोन्ही उतरवून घ्या. वाचनाची पातळी 1 नाहीतर 2 घ्या. पातळी 4 मध्ये मजकूर फार. खरं आधी चित्रं तपासा. किटलीतनं निघणाऱ्या पांढऱ्या लोटाला ‘वाफ’ म्हटलं असेल तर ते पुस्तक नको. वाफ दिसत नाही. तोटीच्या तोंडाशी जी मोकळी जागा दिसते तिथं वाफ असते. पुढचं पांढरं म्हणजे गार होऊन झालेले बारीक थेंब.

खानापूरकर: पहिलीच्या पोराला एवढं? मोठेपणी कळेल की.

निपाणीचे_मास्तर: कुठलं कळतंय. आठवीतली पोरं ढग म्हणजे वाफ असं लिहितात. ‘100 अंशाला पाण्याची वाफ होते’ एवढंच सांगणारंही नको. मग दोरीवरचा टॉवेल कसा वाळतो?

टिळकवाडीकर: बेळगावात 100 ला उकळतही नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, हवेचा दाब कमी, म्हणून 97-98 ला उकळी येते.

शहापूरची_काकू: तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, किती? जास्त असेल तर आरओ बसवा. आमच्याकडं राकसकोप धरणाचं पाणी येतं तेव्हा बरं असतं, बोअरचं मात्र भांड्याला पांढरं धरतं.

टिळकवाडीकर: काकू, धागा पुस्तकाचा आहे.

नवखी_आई: साधी प्रिंट नाही चालणार. वर्गाच्या वाचनकोपऱ्यात द्यायचं आहे, सगळी पोरं हाताळणार.

टिळकवाडीकर: हे आधी सांगायचं ना! नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला स्वस्त असते, खरं पोस्टानं सोमवारपर्यंत येणं अवघड.

निपाणीचे_मास्तर: जाड कागदावर रंगीत छापा, वर लॅमिनेशन, कडेला स्पायरल. परवाना खुला आहे, फक्त लेखक-चित्रकारांच्या नावाचं पान काढू नका.

खानापूरकर: स्पायरल पोरं दोन दिवसांत उचकटतात. लॅमिनेशनही नको, मधोमध दुमडून गोधडीच्या दोऱ्यानं शिवा.