नव्या फोनमधली आधीच आलेली अ‍ॅप्स निघतात का?

जुळेसोलापूरकर: ३२ जीबीचा फोन, त्यात गेम आणि खरेदीची अ‍ॅप्स आधीच ठासून भरलेली. काहींना ‘अनइन्स्टॉल’चं बटणच नाही. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, रूट करून देतो, म्हणजे फोनच्या सिस्टमवर पूर्ण ताबा. करावं का?

तारजोड: रूट नकोच. त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम) उघडावा लागतो, तेव्हा फोन पूर्ण पुसला जातो, वर बँकेची अ‍ॅप्स बऱ्याचदा रुसतात. आधी सेटिंग्ज, अ‍ॅप्स, तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आणि मग ‘डिसेबल’. अपडेट्स गेली की थोडी जागा सुटते. मूळ अ‍ॅप सिस्टम विभागात असतं, तिथली जागा तुम्हाला मिळत नाही.

बिल्डनंबर७: डिसेबलही फिकट दिसत असेल तर सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप, त्याने उघडणाऱ्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू, मग संगणकावरून एडीबीने (केबलीवरून फोनला आज्ञा देणारा प्रोग्रॅम) ‘यूजर शून्य’साठी, म्हणजे फोनच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, अनइन्स्टॉल. फोन दिसला नाही तर केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात. लाँचर (होम स्क्रीन), सिस्टम यूआय (वरची पट्टी वगैरे), कीबोर्ड यांना हात लावू नका. फॅक्टरी रीसेट केलं की सगळी पाहुणे मंडळी परत हजर.

जुळेसोलापूरकर: चुकून कामाचं उडालं तर?

बिल्डनंबर७: एडीबीतच ‘इन्स्टॉल एक्झिस्टिंग’. मूळ फाइल फोनमध्येच असते.