झोका घेण्याचे पेटंट: हसावे की हरकत घ्यावी?

मूळ लेखन

९ एप्रिल २००२ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ‘झोक्यावर झोका घेण्याची पद्धत’ अशा शीर्षकाचे पेटंट मंजूर केले. झाडाच्या आडव्या फांदीला टांगलेल्या झोक्यावर बसावे, दोन्ही बाजूंच्या साखळ्या आळीपाळीने ओढाव्यात आणि पुढेमागे जाण्याऐवजी डावीउजवीकडे झुलावे, एवढाच तो शोध. शोधक पाच वर्षांचा मुलगा होता आणि त्याचे वडील पेटंट वकील होते. पुढे पेटंट कार्यालयाच्या फेरतपासणीत त्यातील दावे, म्हणजे ज्या गोष्टींवर हक्क सांगितला होता ती कलमे, रद्द झाले, हे खरे. परंतु ते मुळात मंजूर झालेच कसे, हा प्रश्न उरतो. त्याआधी, १९९५ साली, जमिनीवर लेझरचा ठिपका फिरवून मांजराला त्यामागे पळवण्याच्या ‘व्यायामपद्धती’लाही तेथे पेटंट मिळाले होते. २००१ साली मेलबर्नच्या एका वकिलाने तर ऑस्ट्रेलियात चक्क चाकाचे पेटंट मिळवून दाखवले.

पेटंट म्हणजे कौतुकाचे प्रशस्तिपत्र नव्हे. अर्जाच्या तारखेपासून साधारण वीस वर्षे इतर सर्वांना ती गोष्ट करण्यापासून रोखण्याचा तो अधिकार आहे, आणि असा अधिकार शासनाने चेष्टेवारी वाटू नये. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(अ) क्षुल्लक शोधांना आणि निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्यांना दारातच अडवते. अशी चाळणी सर्वत्र असावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

क्षुल्लक काय, हे ठरवायचे कोणी? १८४९ साली वॉल्टर हंट यांनी तार वाकवून केलेली सेफ्टी पिन एखाद्या गंभीर चेहऱ्याच्या परीक्षकाला क्षुल्लकच वाटली असती. बबल रॅपची सुरुवात १९५७ मध्ये भिंतीवर लावायच्या उठावदार कागदाच्या कल्पनेतून झाली. ती कल्पना पडली आणि वस्तू मात्र जगभर पोहोचली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी १८१७ सालच्या पंपाच्या एका खटल्यात भूमिका घेतली होती की, शोध फारसा उपयोगी नसेल तर तो आपोआप विस्मृतीत जाईल, त्याची काळजी कायद्याने वाहण्याचे कारण नाही. मला हे आजही पटते.

१९६५ साली ब्लॉन्स्की दांपत्याला मिळालेले पेटंट पाहा. प्रसूत होणाऱ्या स्त्रीला फिरत्या मंचावर बांधून, केंद्रोत्सारी बलाने बाळ बाहेर यावे आणि ते जाळीत झेलले जावे, अशी ती योजना होती. वाचून अंगावर काटा येतो. पण ती नवीन होती, कोणालाही सहज सुचण्याजोगी नव्हती आणि तिचे सविस्तर वर्णन त्यांनी जगापुढे ठेवले होते. त्या पेटंटमुळे कोणाचे काय अडले?

चाकाचे उदाहरण तर येथे लागूच पडत नाही. ऑस्ट्रेलियात तेव्हा नुकतीच सुरू झालेली ‘इनोव्हेशन पेटंटे’ केवळ कागदपत्रांची पूर्तता पाहून दिली जात असत, आणि तो ढिसाळपणा उघडा पाडण्यासाठीच त्या वकिलाने अर्ज केला होता.

प्रतिसाद २

कोणाचे काय अडले, याचे उत्तर ब्लॉन्स्कींच्या यंत्रात सापडणार नाही. ते सँडविचमध्ये सापडेल. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत ‘कडा नसलेल्या बंद सँडविच’चे पेटंट मंजूर झाले. पावाच्या दोन्ही चकत्यांना आतून शेंगदाण्याचे लोणी लावायचे, म्हणजे मधला जॅम पावात मुरत नाही. मग कडा दाबून बंद करायच्या. करंजीला मुरड घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीला यातला शेवटचा भाग समजावून सांगावा लागणार नाही. हे पेटंट स्मकर या मोठ्या खाद्य कंपनीकडे आले आणि तिने मिशिगन राज्यातील एका लहान कंपनीला असे सँडविच विकणे थांबवण्याविषयी पत्र पाठवले. लहान कंपनी नमली नाही, म्हणून प्रकरण फेरतपासणीपर्यंत गेले आणि अखेरीस दावे टिकले नाहीत. स्मकरचे पुढचे संबंधित अर्जही २००५ साली अपील न्यायालयात फेटाळले गेले.

आता विचार करा, त्या पत्रानंतर वकिलाच्या शुल्काचा अंदाज घेऊन लहान कंपनीने मुकाट्याने माल बंद केला असता, तर हे पेटंट पोकळ आहे हे कोणाला कळलेही नसते. विस्मृतीत जाणारे पेटंट वेगळे आणि धमकीच्या पत्रावर छापले जाणारे पेटंट वेगळे.

प्रतिसाद ३

दोघेही ‘हास्यास्पद’ हा एकच शब्द दोन वेगळ्या दोषांसाठी वापरत आहात. ब्लॉन्स्कींचे यंत्र विचित्र आहे. झोका आणि सँडविच उघड आहेत. विचित्र गोष्ट परीक्षकाला चटकन दिसते, उघड गोष्ट मात्र त्याच्या हातून निसटते, कारण नवीन काय नाही हे तो मुख्यतः लिखित पुराव्यावरून ठरवतो आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट लिहून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. झोका कडेला कसा झुलवावा, यावर शोधनिबंध कोण लिहील?

आपल्याला याचा अनुभव हळदीच्या वेळी आला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. जखमेवर हळद दाबणे हे आपल्याकडे घराघरांत चालते, पण ‘आमची आजी हेच करत असे’ हा पुरावा तेथे चालणार नव्हता. मूळचे गोव्यातील माशेलचे असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. त्या संस्थेने जुन्या संस्कृत ग्रंथापासून १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखापर्यंत ३२ संदर्भ सादर केले, तेव्हा कुठे १९९७ मध्ये ते दावे रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारण्यामागे हाच धडा होता. हळदीच्या पाठीशी एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली. सँडविच विकणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार?

मूळ लेखक

ब्लॉन्स्कींपुरते मी माघार घेतो. ते यंत्र कितीही भयानक असले तरी ते त्यांचेच होते आणि ‘क्षुल्लक’ या शब्दाची कात्री तेथे चालवणे अन्यायाचे ठरले असते.

झोक्याबाबत मात्र नाही. माझी मूळ मागणी मी आता थोडी बदलतो: प्रश्न दाराशी असलेल्या चाळणीपेक्षा आत गेल्यावर मिळणाऱ्या मानाचा आहे. अमेरिकेत मंजूर झालेले पेटंट वैध आहे असे न्यायालय गृहीत धरते, आणि ते अवैध ठरवायचे तर स्पष्ट व खात्रीलायक पुरावा द्यावा लागतो; २०११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हाच निकष कायम ठेवला. आपल्या कायद्याचे कलम १३(४) याच्या नेमके उलट सांगते. तपासणी होऊन पेटंट मिळाले, म्हणून त्याच्या वैधतेची हमी मिळत नाही. शिवाय मंजुरीपूर्वी कोणतीही व्यक्ती कलम २५(१) खाली हरकत घेऊ शकते. तसे पाहिले तर झोक्याच्या अर्जावर आपल्याकडे शेजारच्या मुलालाही हरकत घेता आली असती.

प्रतिसाद १

हरकत घेता आली असती, हे मान्य. पण ती घेण्यासाठी शेजारच्या मुलाने पेटंट कार्यालयाचे नियतकालिक आठवड्याला नित्यनेमाने चाळायला हवे. तो बाहेर झोका घेत असणार. आणि वैधतेचे गृहीतक काढून टाकले, तर एका पेटंटच्या भरवशावर कर्ज काढून कारखाना उभारणाऱ्या खऱ्या संशोधकालाही प्रत्येक खटल्यात पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करावे लागेल. सँडविचवाल्याला वाचवताना आपण त्याचा बळी देत आहोत का, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.