मदत हवी आहे : लॉग फाइल पुसली, तरी सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरलेलीच

नमस्कार. कोल्हापुरातील चप्पल लाइनीतल्या एका दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो. भाड्याच्या सर्व्हरवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि मारियाडीबी हा डेटाबेस अशी मांडणी असून डिस्क ४० जीबीची आहे. काल सकाळी मालकांचा फोन आला, "गिऱ्हाईक म्हणतंय ऑर्डर टाकली, पण हितं काय दिसंना." एसएसएचने (दुरून सर्व्हरवर जाण्याच्या मार्गाने) आत शिरून पाहिले, तर मारियाडीबीच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ (डिस्कवर जागा उरली नाही) या ओळींची रांग लागली होती.

शोध घेता एनजिनएक्सची अ‍ॅक्सेस लॉग फाइल (वेबसाइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद) २१ जीबीची झालेली आढळली, म्हणून ती ‘आरएम’ या पुसण्याच्या कमांडने काढून टाकली. कमांड विनातक्रार चालली आणि फाइलही आता ‘एलएस’ने दाखवलेल्या यादीत दिसत नाही, परंतु डिस्क किती भरली ते सांगणारी ‘डीएफ -एच’ अजूनही १०० टक्केच दाखवते, तर फाइलींचे आकार मोजणारी ‘सुडो डीयू -एक्सएसएच /’ केवळ १६ जीबी वापरल्याचे सांगते. आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी क्रमांकित नोंद) संपले असावेत या शंकेने ‘डीएफ -आय’ही चालवून पाहिले, पण तिथे वापर जेमतेम ९ टक्के आहे.

मग ते २१ जीबी गेले कुठे? रीबूट करण्याचे धाडस होत नाही, कारण पूर्वी एकदा एसएसएचला परवानगी न देताच यूएफडब्ल्यू हा फायरवॉल सुरू करून मी स्वतःलाच बाहेर कोंडून घेतले होते आणि शेवटी होस्टिंगच्या कन्सोलमधून आत यावे लागले होते. सणाच्या तोंडावर तसे पुन्हा घडायला नको.

उत्तर : रीबूटची मुळीच गरज नाही. ‘आरएम’ फक्त डिरेक्टरीतील नाव काढते. फाइलने व्यापलेली जागा तेव्हाच मोकळी होते, जेव्हा तिचे शेवटचे नाव जाते आणि ती उघडून बसलेल्या सर्व प्रोसेसही (चालू प्रोग्रॅमही) तिला सोडतात. तुमचे एनजिनएक्स ती फाइल अजून धरून बसले आहे. ‘डीयू’ नावे धरून मोजते म्हणून तिला ही नाव गेलेली फाइल दिसत नाही, ‘डीएफ’ मात्र फाइल सिस्टिमलाच विचारते. पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली दाखवणारी ‘सुडो एलसॉफ +एल१’ चालवा. त्या फाइलच्या ओळीत दुव्यांची संख्या ० आणि शेवटी ‘डिलीटेड’ असे दिसेल. खात्री झाली की ‘सुडो एनजिनएक्स -एस रीओपन’ द्या. एनजिनएक्स न थांबता लॉग नव्याने उघडेल आणि जागा परत मिळेल. पुढच्या वेळी चालू लॉगवर ‘आरएम’ऐवजी फाइल जागच्या जागी रिकामी करणारी ‘ट्रंकेट -एस ०’ वापरा. एनजिनएक्स नेहमी फाइलच्या शेवटी भर घालत लिहीत असल्यामुळे तिथे हे सुरक्षित आहे. तसे न लिहिणारे प्रोग्रॅम जुन्याच जागेपासून पुढे लिहीत राहतात आणि फाइल पुन्हा अवाढव्य दिसू लागते.

आता खरा प्रश्न असा की, उबुंटूवर एनजिनएक्सचे लॉग लॉगरोटेट हे साधन रोज फिरवते, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करते, आणि १४ प्रती ठेवते. असे असताना एकच फाइल २१ जीबीची झालीच कशी?

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. ‘एलसॉफ’मध्ये एनजिनएक्सच्या मास्टर (मुख्य) आणि वर्कर (काम करणाऱ्या) प्रोसेस मिळून तीन ओळी दिसल्या आणि क्षणभर ६३ जीबी वाटून छातीत धस्स झाले, आयनोड क्रमांक एकच आहे हे नंतर लक्षात आले. ‘रीओपन’ देताच ‘डीएफ’ ४४ टक्क्यांवर आले. मारियाडीबी रीस्टार्ट केले आणि चाचणीची ऑर्डर नोंदली गेली.

लॉग एवढा का वाढला, तेही उमगले. सगळे एका जागी दिसावे म्हणून मी गेल्या वर्षी लॉग ‘/एसआरव्ही/दुकान/लॉग’मध्ये हलवले होते, आणि लॉगरोटेटला फक्त ‘/व्हार/लॉग/एनजिनएक्स’ हाच पत्ता ठाऊक आहे.

उत्तर : ‘/ईटीसी/लॉगरोटेट.डी/एनजिनएक्स’मध्ये नवा पत्ता जोडा आणि ‘लॉगरोटेट -डी’ने तालीम करून पाहा, त्यात काहीही बदलत नाही, फक्त काय घडेल ते दिसते. डिरेक्टरीवर ग्रुपला लिहिण्याची परवानगी असेल, तर लॉगरोटेट ती असुरक्षित ठरवून फाइलला हात लावणार नाही.

प्रश्नकर्ता : नेमकी तीच तक्रार आली. ‘सीएचमॉड ७५५’ने ग्रुपची लिहिण्याची परवानगी काढल्यावर तालीम बिनबोभाट पार पडली आणि ‘-एफ’ने सक्ती केल्यावर जुनी फाइल ‘.१’ होऊन नवी सुरू झाली. एकच हळहळ राहिली : हुकलेल्या ऑर्डरी कोणाच्या, हे त्या पुसलेल्या लॉगमधून कळले असते का?

उत्तर : ‘रीओपन’पूर्वी ‘/प्रॉक’मधून (चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतून) ती फाइल वाचता आली असती, आणि हे मी आधीच सांगायला हवे होते. तरी फार हळहळू नका. एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम सहसा ५ टक्के जागा रूट या सर्वाधिकारी खात्यासाठी राखून ठेवते, पण एनजिनएक्सचे वर्कर रूट नसतात. त्यामुळे डिस्क भरल्यानंतरच्या नोंदी त्यांनाही लिहिता आल्या नसणार.

प्रश्नकर्ता : मग मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तक्रारींवरूनच यादी करायला सांगतो.