घरपट्टी भरली, पुढे काय? तुमचे अनुभव सांगा

मार्च आला की गावात वसुलीचा भोंगा फिरतो, शहरात थकबाकीदारांच्या दारावर नोटिसा लागतात. कुठलाही दाखला मागायला गेलं की आधी घरपट्टीची पावती बघतात. त्याच सुमारास त्या गावाचं, शहराचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रकही ठरत असतं, आणि तिकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला, नगरपालिकेला घटनेत जागा दिली त्याला 1993 पासून एवढी वर्षं झाली. आपण भरलेल्या पैशाच्या मागे तुम्ही कधी गेलात का? गेला असाल तर काय झालं ते लिहा. सल्ले नंतर, आधी घडलेलं. गावांची, माणसांची नावं कृपया टाळा.

सांगली जिल्हा, बचत गटातून

आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात दिवसाआड पाणी, तेही पहाटे. ग्रामसभेत आराखड्याचं वाचन म्हणजे भराभरा कामं वाचायची आणि 'सर्वानुमते मंजूर'. गटातल्या एका सुनेने मोबाईलवर ई-ग्रामस्वराज हे पंचायतींचं सरकारी संकेतस्थळ उघडून आमच्याच गावाचा आराखडा काढला. तेव्हा कळलं की 15व्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून गावाला मिळणारे पैसे दोन वाट्यांत यायचे. बंधित 60 टक्के फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, अबंधित 40 टक्के गावाच्या बाकी गरजांसाठी. आमच्या यादीत मंदिरासमोरच्या चौकाचे पेव्हर ब्लॉक बंधितमध्ये बसवले होते. कामाचं नाव 'सांडपाणी व्यवस्थापन व परिसर सुधारणा'.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती आम्ही खरोखरची भरवली. दुसऱ्या दिवशी मी उभी राहून विचारलं, "भाऊसाहेब, या चौकात गटार कुठनं कुठं जाणार हाय?" ग्रामसेवक कागद चाळायला लागले. सरपंच म्हणाले, "वहिनी, ते बघू की नंतर." माझ्या मागून आक्का उठल्या, ऐंशीच्या पुढच्या. "नंतर न्हाई. वहीत लिव्ह आत्ता, आन् वाचून दाव." इतिवृत्ताची वही टेबलावर उघडीच होती. भाऊसाहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं, आणि सह्या-अंगठे होईपर्यंत एकही बाई जागची हलली नाही.

लगेच पाणी आलं असं समजू नका. काम बदलून यायला पुढचं वर्ष उजाडलं. आता जलवाहिनी वस्तीपर्यंत आली आहे, टाकीचं भांडण चालू आहे.

बार्देश, गोवा

आमच्याकडे ग्रामसभा रविवारी असते, म्हणून नोकरीवाले आणि तरुण पोरंही येतात. घरपट्टीपेक्षा बांधकाम परवाने आणि जमिनींच्या रूपांतरावरच जास्त तापते. महाराष्ट्रात कामाच्या दिवशी सभा लावून 'लोक येत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हा एवढा बदल करून बघावा.

एका महापालिकेतून निवृत्त

मी जकात नाक्यावर कारकून म्हणून लागलो. रात्रपाळीत ट्रकची रांग, बिल्टी बघायची, ताडपत्री वर करून माल मोजायचा, पावती फाडायची, सकाळी भरणा. तिथे काय काय चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे जकात गेली याचं मला दुःख नाही. पण तो पैसा शहराचा स्वतःचा होता आणि रोज यायचा. मग जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला तोही माफ झाला. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर संपली. आता राज्य सरकार भरपाईचं अनुदान देतं.

पुढे मी लेखा विभागात होतो. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांचा एकच प्रश्न, अनुदान जमा झालं का? त्यावर पगार. पगार भागला की पेन्शन, मग वीजबिल, आणि रस्त्याची बिलं सगळ्यात मागे. शहराच्या हातात स्वतःचं उरलं ते मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. म्हणून निवडणूक आली की घरपट्टी माफीची घोषणा करणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या शहराचं स्वतःचं उत्पन्न नाही, त्याचे नगरसेवक मंत्रालयाच्या पायऱ्याच झिजवणार.

सिंहगड रस्ता, पुणे

पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मालमत्ता करात 40 टक्के सवलत 1970 पासून होती. ती मध्यंतरी काढली गेली आणि 2023 मध्ये परत आली, पण त्यासाठी पीटी-3 अर्ज भरावा लागला. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांचे अर्ज आम्ही जिन्यात टेबल टाकून भरून घेतले.

मला सांगायचंय ते सहभागी अंदाजपत्रकाबद्दल. पुण्यात 2006 पासून नागरिकांना प्रभागातली छोटी कामं सुचवता येतात, एका कामाला 5 लाखांची मर्यादा. बसथांब्यापाशी पदपथाला उतार हवा होता, आईची व्हीलचेअर चढत नव्हती. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिला. अंदाजपत्रकाच्या जाडजूड पुस्तकात आमच्या कामाची ओळ सापडली तो आनंद वेगळाच होता. उतार झाला. आई आता एकटी थांब्यापर्यंत जाते.

एडिसन, न्यू जर्सी

इथला मालमत्ता कर फार जड आहे, वर्षात चार हप्ते. पण बिलावरच लिहिलेलं असतं की यातले इतके काउंटीला, इतके नगरपालिकेला, इतके शाळांना. सगळ्यात मोठा आकडा शाळांचा. त्यामुळे शाळा मंडळाच्या बैठकीत मुलं नसलेली माणसंही हिशेब विचारायला उभी राहतात. आमच्या नाशिकच्या बिलावरही वेगवेगळे कर छापलेले असतात, वृक्षकर, अग्निशमन कर वगैरे. पण वृक्षकरातून झाडं किती लागली हे कुणाला विचारायचं, ते बाबांना इतकी वर्षं घरपट्टी भरूनही माहीत नाही. नाशिककरांपैकी कुणी विचारलं असेल तर नक्की लिहा.

सांगली जिल्हा, पुन्हा

दोघींनी विचारलंय, आराखडा कुठं बघायचा. ई-ग्रामस्वराजवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडा. कामाचं नाव आणि रक्कम दिसते. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि गावात येऊन ते काम जिथं दाखवलंय तिथं प्रत्यक्ष उभं राहून बघा. मोबाईलवर जमत नसेल तर कागदावर अर्ज देऊन ग्रामपंचायतीतून प्रत मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.